माळसोंडचा फळा

"…मग लिहायचं तरी कशाला, चाचा? तुम्हीच सांगा."

चाचांनी सांगितलं नाही. ते ओल्या फडक्यानं फळा पुसत होते, आणि फळा पुसताना बोलायचं नाही हा त्यांचा जुना नेम. कालचा सगळा गाव त्या फडक्याखाली गेला. पाण्याची वेळ गेली, बेंद्रे वकिलांच्या आईचं निधन गेलं, कांद्याचा भाव गेला.

आता हे चाचा कोण, ते सांगायला हवं. दस्तगीर मुल्ला. माळसोंडच्या वाचनालयात शिपाई म्हणून लागले आणि शिपाई म्हणूनच निवृत्त झाले. मधल्या काळात ग्रंथपाल मात्र सहा झाले. वाचनालयाच्या भिंतीवर, ऐन चौकात, एक काळा फळा आहे. त्यावर रोज सकाळी खडूनं गावाची बातमी लिहायचं काम गेली अडतीस वर्षं चाचांचं. कुणी नेमलं नव्हतं, म्हणून कुणाला काढताही आलं नाही.

त्यांचा नियम एकच. जिथं आपली सायकल पोचली नाही, तिथली बातमी फळ्यावर येणार नाही. दिल्लीत सरकार पडलं तेव्हाही माळसोंडच्या फळ्यावर भैरोबाच्या ओढ्याला आलेलं पाणीच होतं. लोक हसले. पण ओढ्यापलीकडं कुणी गेलं नाही.

आणि विचारणारा होता रमाकांत घोलप. जिल्ह्याच्या दैनिकाचा तालुक्याचा वार्ताहर. नगरपालिका, बाजार समिती, अपघात, जत्रा, कबड्डी, सगळं तोच. दर सोमवारी त्याचं सदर यायचं, 'चव्हाट्यावरून'. गावात कुणी कुणाला धमकी दिली तर "चव्हाट्यावर आणीन" अशीच देत, आणि ते ऐकून रमाकांतच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. बातमी लिहायला तो याच फळ्याखाली शिकला, कॉलेजात असताना. तेव्हापासून चाचा त्याचे गुरू. गुरू असल्याचं चाचांना कुणी कळवलं नव्हतं, एवढंच.

"बावीस वर्षं झाली," रमाकांत म्हणाला. "पाण्याच्या टाकीवर सात वेळा लिहिलं. टाकी गळतेय. एसटी स्टँडच्या छपरावर लिहिलं. छप्पर नाहीच आता, प्रश्न मिटला. नगराध्यक्षांनी तीन पक्ष बदलले, तिन्ही वेळा मी लिहिलं. तिन्ही वेळा तेच निवडून आले. एक खड्डा बुजला नाही माझ्या लिहिण्यानं."

"एकही?" फळा पुसून झाल्यावर चाचांनी विचारलं.

"एक बुजला… मंत्र्यांचा दौरा होता."

चाचांनी फडकं बादलीत पिळलं.

"थकलो मी, चाचा. खरंच थकलो. लिहून काही होत नाही या गावात." त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. "राजीनामा आहे. आज पाठवतो. तुमच्या पाया पडून पाठवावा म्हणून आलो."

चाचांनी चष्मा लावून कागद वाचला. दोन पानं होती. समाज, मूल्यं, चौथा स्तंभ, विषण्ण मन, काही म्हणजे काही सोडलं नव्हतं.

"लांब आहे," चाचा म्हणाले, आणि कागद परत दिला.

रमाकांत थकला होता हे खोटं नव्हतं. रात्र रात्र त्याला झोप नव्हती, जेवण जात नव्हतं, बायको दोनदा डॉक्टरकडं चला म्हणाली होती. पण माणूस एवढा थकतो तेव्हा कारण बहुधा एकच असतं, आणि बाकीची कारणं तो लोकांना सांगण्यासाठी गोळा करतो. रमाकांतचं कारण त्या दोन पानांत कुठं नव्हतं.

ते कारण असं.

महिन्याभरापूर्वी जत्रेत कबड्डीचा अंतिम सामना झाला. माळसोंड विरुद्ध शेजारचं शिरटे. गुण सारखे, शेवटची चढाई. आपला समाधान तोडकर गेला, दोघांना शिवला आणि मध्यरेषेवर हात टाकून पडला. गाव नाचायला उठलं. तेवढ्यात पंचांनी हात वर केला. दम तुटला. म्हणजे मध्यरेषा गाठण्याआधी समाधानच्या तोंडचं 'कबड्डी कबड्डी' थांबलं होतं. तो बाद, आणि गुण शिरट्याला. माळसोंड एका गुणानं हरलं.

पंच होते कुरणे सर. माळसोंडचेच. हायस्कूलचे खेळाचे मास्तर, रोज पहाटे बाजार समितीमागच्या मैदानावर चाळीसेक पोरांना कबड्डी शिकवणारे. तो समाधानसुद्धा त्यांच्याच हाताखालचा.

रमाकांत त्या वेळी व्यासपीठावर होता. पाहुण्यांच्या सोफ्यावर, नगराध्यक्षांच्या शेजारी. पत्रकारांसाठी मैदानाकडेला बाकडं ठेवलेलं असतं, पण रमाकांत गेली दहा वर्षं बाकड्यावर बसत नव्हता. सोफ्यावर चहा येतो. सोफ्यावरून मैदान दिसतंही छान. ऐकू मात्र काही येत नाही, कारण डोक्यावरच कर्णा असतो आणि त्यातून निवेदक देणगीदारांची नावं वाचत असतो.

"घोलप," नगराध्यक्ष त्याच्या कानाशी वाकून म्हणाले होते, "कुरण्याची सासुरवाडी कुठली, माहिताय ना तुम्हाला?"

कुरण्यांची सासुरवाडी शिरट्याची होती.

सोमवारी सदर आलं. 'घरचा पंच, परक्याचा दम.' रमाकांतनं कुठंच सरळ आरोप केला नाही, तेवढा तो मुरलेला होता. त्यानं फक्त विचारलं, की जो दम तुटलेला हजारो लोकांना ऐकू आला नाही, तो एकट्या पंचांना कसा ऐकू आला? आणि शेवटी लिहिलं, जावयाला सासुरवाडी गोड असते. बास. दिवसभर फोन खणखणत होता. बावीस वर्षांत एवढं कौतुक त्याला कधी मिळालं नव्हतं.

आणि आठ दिवसांपूर्वी समाधान तोडकर त्याच्या घरी आला. चप्पल दाराबाहेर काढून उभाच राहिला.

"साहेब, माझा दम तुटला होता," तो म्हणाला. "सर बरोबर होते. मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. पोरांनी खांद्यावर घेतलं… माझी जीभच रेटली नाही."

"बरं, बघतो," रमाकांत म्हणाला होता.

आठ दिवस तो बघत होता.

चाचांनी बादली भिंतीला लावली, हात लुंगीला पुसले आणि सायकल काढली.

"चल."

"कुठं?"

चाचा निघालेसुद्धा. रमाकांतनं मोटरसायकल तिथंच सोडली आणि सायकलच्या बाजूनं चालू लागला. चाचा सायकलवर बसले नाहीत, हातात धरून चालत होते. दुधाच्या गाड्या परतत होत्या. दोघातिघांनी "काय चाचा" केलं, रमाकांतला नमस्कार केला. रस्त्यात टाकीजवळ चिखल होता, तो दोघांनी चुकवला.

बाजार समितीच्या मागं वळल्यावर रमाकांतची चाल मंदावली.

"चाचा, इकडं कशाला?"

"ये."

मैदानावर कुरणे सर एकटे होते. कमरेत वाकून, पत्र्याच्या डब्यातून फक्की टाकत मध्यरेषा आखत होते. दोन रेषा आखून झाल्या होत्या. एक कुत्रं पटांगणाच्या मधोमध झोपलं होतं. सर तिथपर्यंत आले, थांबले, कुत्र्याला वळसा घालून रेष पुढं नेली.

कडेला काही नव्हतं. चाळीस पोरांच्या चपला जिथं ढीग करून पडायच्या, तिथं गवत उगवायला लागलं होतं.

सरांनी मान वर केली. दोघांना पाहिलं. डबा खाली ठेवला आणि आले.

"या चाचा. या, घोलप साहेब." आवाजात काही नव्हतं. राग नाही, लोचटपणा नाही. "बातमीला आलात? इथं नाही हो काही आता."

"पोरं?" चाचांनी विचारलं.

"येतील." सर मैदानाकडं बघत म्हणाले. "परीक्षा आहेत कुणाच्या, कुणाला बरं नाही. एकाची आई म्हणाली, सर, गावात राहायचंय आम्हाला." त्यांनी हातावरची फक्की झटकली. "समाधान यायचा परवापरवापर्यंत. त्याला मीच म्हटलं, नको येऊ. माझ्याकडं येतो म्हणून पोरं त्याला चिडवतात."

रमाकांत बुटाकडं बघत होता.

"रोज आखता रेषा?" चाचा म्हणाले.

"आखायला लागतात. पावलांनी पुसल्या तर पुन्हा आखायच्या असतात… आता नाहीत पुसत, पण सवय." सर ओशाळं हसले. "चहा घ्या, थर्मासात आहे. पोरांसाठी आणायचो, तेवढाच होतो अजून. अंदाज चुकतो."

त्यांनी चहा दिला. तिघं उभ्या उभ्या प्यायले. रमाकांतनं चहा एका घोटात संपवला. त्याला वाटलं, यांनी एक शिवी द्यावी. भर मैदानात कॉलर धरावी. त्याचीही बातमी झाली असती, 'पत्रकारावर हल्ला'. पण सरांनी कप विसळले, उपडे घातले, आणि डबा उचलून चौथ्या रेषेकडं गेले.

दोघं परत टाकीच्या रस्त्याला लागले. सायकलची साखळी तेवढी करकरत होती.

टाकीपाशी चाचा थांबले.

"काय म्हणत होतास मघाशी?"

"कधी?"

"लिहून काही होत नाही म्हणत होतास."

रमाकांतचा चेहरा पडला. मग त्यानं सगळंच सांगून टाकलं. समाधान आला होता ते. सोफा. नगराध्यक्ष कानात बोलले ते. आठ दिवस. संपादकांना फोन केला होता तेही. संपादक म्हणाले, खुलासा घेऊ, आतल्या पानावर, दोन ओळी, नाव नको.

"मला लाज वाटते, चाचा," तो म्हणाला. "आरशात बघायची लाज वाटते. पोरांचं मैदान मी मोडलं."

चाचा सायकल ढकलत पुन्हा चालू लागले.

"पण मी भरपाई करीन. हे बघा, राजीनामा राहू द्या. सोमवारी संपूर्ण सदर त्यांच्यावर लिहितो. एका पत्रकाराचा कबुलीजबाब. रेषा आखणारा एकटा मास्तर, मधे झोपलेलं कुत्रं, उपडे घातलेले कप…" त्याचा आवाज चढत गेला, पावलं झपझप पडू लागली. "संपादकांना मी पटवतो. असं लिहीन ना चाचा, की वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. म्हणतील, काय लिहितो घोलप."

बोलून झाल्यावर त्याला आपलंच शेवटचं वाक्य ऐकू आलं.

चाचा पुढं गेले होते.

चौकात आता माणसं होती. टपरीवर चहावाले, रिक्षा, बाजाराला आलेल्या बाया. फळा सुकून काळाभोर झाला होता, आणि तीनचार माणसं सवयीनं त्याच्यासमोर उभी होती. अजून काही लिहिलं नव्हतं, तरी.

चाचांनी सदऱ्याच्या खिशातून खडू काढला आणि रमाकांतपुढं धरला.

"मी?" रमाकांत म्हणाला. "इथं?"

चाचा खडू धरून उभे.

"चाचा, लोक आहेत…"

"फळा लोकांसाठीच आहे."

त्यानं खडू घेतला. कागदावर लिहिताना माणसाचं तोंड कागदाकडं असतं आणि गाव कुठं तरी लांब असतं. फळ्यावर लिहिताना गावाकडं पाठ करून उभं राहावं लागतं आणि गाव पाठीमागून वाचतं. बावीस वर्षांत रमाकांत हे विसरला होता. मानेवर नजरा जाणवायला लागल्या.

वरच्या कोपऱ्यात त्यानं बारीक अक्षरात लिहिलं, 'कबड्डी सामन्याबाबत खुलासा.'

चाचांनी फडक्यानं पुसलं.

'जत्रेतील सामन्यासंदर्भात काही गैरसमज पसरले असून…'

चाचांनी तेही पुसलं.

"पसरले नाहीत," टपरीवरचा म्हातारा शिंपी सावकाश म्हणाला, कुणालाच उद्देशून नाही. "पसरवले."

रमाकांतचा हात थांबला. तो वळला नाही. मग त्यानं फळ्याच्या मधोमध खडू टेकवला आणि मोठ्या अक्षरात, जशी चाचा लिहीत तशी, लिहायला लागला.

'शेवटच्या चढाईत समाधान तोडकरचा दम तुटला होता. समाधाननं स्वतः सांगितलं. कुरणे सरांचा निकाल खरा होता. मी व्यासपीठावर होतो. मला काही ऐकू आलं नव्हतं. तरी मी लिहिलं. रमाकांत घोलप.'

खडू मोडला होता. शेवटचं नाव त्यानं तुकड्यानं लिहिलं.

कुणी तरी हळू आवाजात वाचून दाखवत होतं, ज्याला वाचता येत नव्हतं त्याला. एक बाई "अगं बाई" म्हणाली आणि पिशवी घेऊन गेली. रिक्षावाल्यानं पूर्ण वाचलं, रमाकांतकडं पाहिलं, काही म्हणायला तोंड उघडलं…

"पाणी किती वाजता आज, चाचा?"

"साडेदहा."

रिक्षा गेली. शिंप्यानं दुकानाची फळी उघडली. माणसं आली तशी पांगली. पाच मिनिटांत चौक पुन्हा चौकासारखा झाला.

रमाकांत पायरीवर बसला. बोटं खडूनं पांढरी झाली होती, शर्टावर भुकटी पडली होती. हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं. तसं काही वाटत नव्हतं. नुसता थकवा होता, जुनाच, पण आता त्याच्यात दुसरं काही मिसळलेलं नव्हतं.

"बघितलंत?" तो म्हणाला. "वाचलं आणि गेले. पाणी किती वाजता विचारलं."

चाचा फळ्याच्या खालच्या कडेला पाण्याची वेळ लिहीत होते.

"त्या सोमवारी दिवसभर फोन होता मला. आणि हे… सकाळ संपेस्तोवर विसरतील."

"विसरतील."

"आणि उद्या तुम्ही हे पुसणार."

"रोज पुसतो."

"मग हे लिहिलं कशाला माझ्याकडून?"

चाचांनी आकडा पुरा केला, एक पाऊल मागं येऊन अक्षर सरळ आलंय का बघितलं. मग उरलेला खडूचा तुकडा रमाकांतच्या शेजारी पायरीवर ठेवला.

"उद्या सहाला मैदानावर जा," ते म्हणाले. "पोरं किती आली, बघ. इथं येऊन लिही. तुझ्या हातानं, खाली तुझं नाव घालून."

"उद्या?"

"परवा पण. रोज."

रमाकांत पायरीवरच्या तुकड्याकडं बघत राहिला. मैदान त्याच्या डोळ्यांपुढं आलं, आणि तिथं उद्याही काय दिसणार हे त्याला ठाऊक होतं.

"चाचा…" तो म्हणाला. "एकही पोरगं आलं नाही तर?"

चाचांनी बादली उचलली.

"तर तेच लिही."